किल्लारीची नोंद कोणत्या कप्प्यात?

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चार वाजण्यास चार-पाच मिनिटे असताना लातूर जिल्ह्यातील किल्लारी परिसर भूकंपाने हादरला. आंतरराष्ट्रीय सूच्यांत मात्र हाच भूकंप २९ सप्टेंबरला २२ वाजून २५ मिनिटांनी झालेला दिसतो. दोन्ही नोंदी बरोबर आहेत. भूकंपशास्त्रज्ञ जागतिक प्रमाणवेळ वापरतात आणि आपली घड्याळे तिच्या साडेपाच तास पुढे असतात. संगणकात दिवसागणिक कप्पे केले, तर किल्लारीची नोंद १९९३ च्या २७२ व्या दिवसाच्या कप्प्यात सापडेल, २७३ व्या नव्हे. उलट २१ मार्च २०२४ रोजी सकाळी सहानंतर हिंगोली भागात झालेला, नांदेडलाही जाणवलेला धक्का दोन्ही वेळांत एकाच तारखेला पडतो. सीमारेषा किती वाजता येते, हे मुलांना जरूर काढायला सांगावे.

कप्पा म्हणजे डिरेक्टरी, तीत ठेवलेली नोंदवही म्हणजे फाइल. काही वर्षांपूर्वी कंपनमापकाच्या नोंदींसाठी रोज एक डिरेक्टरी आणि तासाला एक फाइल आपोआप तयार करणारा प्रोग्राम आम्ही सी भाषेत लिहिला. युनिक्समध्ये डिरेक्टरी करण्यासाठी ‘एमकेडीर’ ही आज्ञा आहे. (१९८३ च्या ४.२ बीएसडीपूर्वी हे काम आडवळणाने करावे लागे.) ती एका वेळी एकच पायरी बांधते, वर्षाची डिरेक्टरी नसेल तर आत दिवसाची होत नाही.

तिला नाव आणि परवानगीचा आकडा द्यावा लागतो. ०७५५ मधील ७, ५, ५ हे अनुक्रमे मालक, गट आणि इतरांचे हक्क. वाचण्याचे ४, लिहिण्याचे २, आत शिरण्याचा १. आम्ही सुरुवातीचे शून्य विसरलो! प्रोग्राम बिनतक्रार चालला, फायली तयार झाल्या. पण यादी पाहू गेलो तर संगणक परवानगी नाकारू लागला. ते शून्य ‘हा आकडा अष्टमान पद्धतीतला आहे’ असे सांगते. ते नसले की ७५५ दशमान ठरतो, म्हणजे अष्टमानात १३६३. त्यातील पहिला १ वेगळ्या कामाचा. मालकाच्या वाट्याला आला ३, म्हणजे २ आणि १. लिहा, आत शिरा, पण वाचू नका!

खरे नुकसान पुढे झाले. वीज गेली, परत आली, प्रोग्राम पुन्हा सुरू झाला. डिरेक्टरी आधीच असल्याने एमकेडीरने चूक कळवली. ‘आधीच आहे’ ही चूक खरे तर सोयीचीच. ते नाव डिरेक्टरीचेच आहे ना, एवढे पाहून पुढे जावे. आधी ‘आहे का?’ विचारून मग बांधणे धोक्याचे, कारण मधल्या क्षणी दुसरा प्रोग्राम ती बांधू शकतो. फाइल मात्र आम्ही ‘एफओपन’ने ‘डब्ल्यू’ प्रकारे उघडली होती. त्या प्रकारात असलेली फाइल आधी कोरी होते. चाळीस मिनिटांची नोंद गेली. ‘ए’ प्रकारे उघडली असती, तर नवा मजकूर जुन्याच्या खाली जोडला गेला असता.

तरीही शेवटचे काही क्षण हातून जाऊ शकतात. लिहिलेला मजकूर लगेच डिस्कवर जात नाही, काही काळ स्मृतीतच राहतो. म्हणून आता आमचा प्रोग्राम दर मिनिटाला ‘एफफ्लश’ आणि पाठोपाठ ‘एफसिंक’ करून तो डिस्कवर उतरवून घेतो.