रात्रीची खा-खा, सकाळचा उपाशीपणा

रात्रीचे साडेअकरा. नालासोपाऱ्यातल्या एका वन-रूम-किचनमध्ये सगळे झोपले आहेत. घरातली पस्तिशीची सून ओट्यापाशी उभी राहून फरसाणाचा डबा रिकामा करते आहे. त्याआधी उरलेला भात झाला, मुलाच्या खाऊची बिस्किटे झाली. भूक केव्हाच शमली आहे, पोट दुखू लागले आहे, पण हात थांबत नाही. कोणाची चाहूल लागली की ती डबा पटकन मागे सारते. मग अंथरुणात पडून मनाशी ठरवते, 'उद्या दिवसभर काही खायचे नाही.'

हे चित्र कोणा एकीचे नाही. वसई-विरार पट्ट्यातल्या अनेक घरांत, पुरुषांच्या बाबतीतही, ते थोड्याफार फरकाने दिसू शकते. घरचे म्हणतात, 'जिभेवर ताबा नाही.' गावाकडची आजी म्हणते, 'भस्म्या झालाय.' ती स्वतः मात्र स्वतःला याहून वाईट शब्द वापरते.

लग्नाच्या पंगतीत दोन जिलब्या जास्त खाणे किंवा गणपतीत मोदकांवर ताव मारणे म्हणजे आजार नव्हे. थोड्या वेळात इतर कोणी खाणार नाही इतके अन्न खाल्ले जाते आणि खाताना आपला स्वतःवर ताबा उरलेला नाही असे वाटते, तेव्हा त्याला 'बिंज ईटिंग' म्हणतात. भराभर खाणे, भूक नसताना खाणे, पोट दुखेपर्यंत खाणे, लाजेपोटी एकट्याने खाणे आणि नंतर स्वतःचीच किळस येणे या त्याच्या खुणा. यांपैकी निदान तीन खुणा दिसत असतील, असे आठवड्यातून एकदा तरी, सलग तीन महिने घडत असेल आणि त्याचा मनाला त्रास होत असेल, तर तो 'बिंज ईटिंग डिसऑर्डर' ठरतो. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ अल्बर्ट स्टंकार्ड यांनी 1959मध्ये अशा खाण्याचे वर्णन केले होते. स्वतंत्र आजार म्हणून त्याला अमेरिकी मनोविकार वर्गीकरणात जागा मिळाली ती 2013मध्ये. तो फक्त लठ्ठ माणसांनाच होतो हा गैरसमज आहे. वजन बेताचे असलेल्यांनाही तो होतो.

कारण दिवसात शोधा

रात्रीच्या खाण्याचे मूळ बहुतेक वेळा त्याच दिवसाच्या सकाळी सापडते. विरार ते चर्चगेट अंतर सुमारे 60 किलोमीटर. सकाळची लोकल गाठायची तर डबे भरण्यातच वेळ जातो. स्वतःची न्याहारी म्हणजे एक कप चहा. वजन कमी करायचे म्हणून दुपारच्या डब्यात काकडी आणि एक पोळी. संध्याकाळी गर्दीत लोंबकळत घरी, पुन्हा स्वयंपाक. या सगळ्यात शरीराला दिवसभर पुरेसे अन्न मिळालेलेच नसते. रात्री शांतता झाली की ते आपली थकबाकी वसूल करते.

याचा पुरावा जुना आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी 36 निरोगी तरुणांना सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवले. या काळात ते दिवसरात्र अन्नाचाच विचार करू लागले. पुढे पोटभर जेवण मिळू लागल्यावरही त्यांच्यातले काही जण ताबा सुटल्यासारखे खात राहिले आणि पोट भरूनही त्यांचे समाधान होईना. ही सगळी निवडक, धडधाकट माणसे होती. उपासमारीला शरीराने दिलेले ते उत्तर होते.

त्यात झोपेची भर पडते. रात्री बारा आणि पहाटे पाच यांमध्ये जेमतेम झोप झाली, तर भूक वाढवणारे घ्रेलिन वाढू शकते आणि तृप्तीचा संदेश देणारे लेप्टिन कमी होऊ शकते. सततच्या ताणामुळे कॉर्टिसॉल वाढते आणि मन गोड-तेलकट पदार्थांकडे ओढ घेते. असे पदार्थ मेंदूतल्या सुखाच्या यंत्रणेला घटकाभर चेतवतात. एकटेपणा, घरातली भांडणे, कर्जाचे हप्ते, दडपलेला राग हे सगळे त्या घटकेपुरते बधिर होते. काहींमध्ये आनुवंशिकता, लहानपणी वजनावरून झालेली चेष्टा किंवा नैराश्यही मुळाशी असते.

मग येते लाज, आणि लाजेतून दुसऱ्या दिवशीचा कडकडीत उपाशीपणा. तो पुन्हा रात्रीच्या डब्यापाशी आणून सोडतो. चक्र पूर्ण होते. एकादशी असो, श्रावणी सोमवार असो, रमझानचे रोजे असोत की वसईच्या ख्रिस्ती कुटुंबांतला उपवासकाळ, श्रद्धेने केलेला उपवास वेगळा. कालच्या खाण्याची शिक्षा म्हणून केलेला उपवास हे आजाराचेच इंधन.

चक्र कुठे तोडायचे?

रात्री नव्हे, सकाळी. पोहे, भाकरी, अंडे, काहीही चालेल, पण न्याहारी हवी. गाडीची घाई असेल तर डब्यात न्यावी. दर तीन-चार तासांनी थोडे खावे. आदल्या रात्री कितीही खाल्ले असले तरी सकाळची न्याहारी चुकवू नये. खा-खा सुटली तेव्हा किती वाजले होते, त्याआधी काय झाले होते, मनात काय होते, हे एका वहीत लिहावे. दोन आठवड्यांत कारणाचा माग लागू लागतो.

घरच्यांनी डबे कुलपात ठेवू नयेत आणि ताटाकडे पाहून टोमणे मारू नयेत. चोरून खाणे त्याने वाढते. 'आज दुपारी जेवलीस का?' हा प्रश्न जास्त उपयोगी.

आठवड्यामागून आठवडे हे चालू असेल तर डॉक्टरांना मोकळेपणाने सांगावे. रक्तातली साखर, रक्तदाब, थायरॉइड तपासून घ्यावे. मधुमेहाच्या काही गोळ्यांनी किंवा इन्सुलिनने साखर उतरली तरी अचानक भूक खवळते, आणि काही मानसिक आजारांवरील औषधांनीही ती वाढते. म्हणून चालू औषधे जरूर दाखवावीत, मनाने बंद करू नयेत. खाल्ल्यावर मुद्दाम उलटी काढणे किंवा जुलाबाच्या गोळ्या घेणे धोक्याचे आहे. पोटॅशियम घसरून हृदयाची लय बिघडू शकते. अशा वेळी थांबू नये.

या आजारावर उपचार आहेत. विचार आणि सवयी बदलणारी समुपदेशन पद्धत, म्हणजे कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपी, चांगली उपयोगी ठरते. गरज पडल्यास औषधेही देतात. सुरुवात कुठून करावी हे कळत नसेल, तर केंद्र सरकारच्या 'टेली-मानस' सेवेचा 14416 हा क्रमांक आहे. तो मोफत आहे, मराठीतही बोलता येते.

ओट्यापाशी उभ्या असलेल्या त्या सुनेने आज रात्री आणखी एक शपथ घेण्याची गरज नाही. उद्याच्या डब्यात एक पोळी जास्त ठेवली तरी सुरुवात झाली.