वखारीतला माणूस आणि साथ

१८९६ साली मुंबईत प्लेग प्रथम उघडकीस आला तो मांडवीत, धान्याच्या वखारींच्या वस्तीत. हा रोग उंदरांवरील पिसवा पसरवितात, हे सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांनी १८९८ मध्ये दाखविले. रोगाची वाट कळली, म्हणजे बंदोबस्त करता येतो. २०२० च्या करोना-साथीत आरंभी आपण घरी आलेली पुडकी पुसत बसलो. खरा धोका मुख्यतः कोंदट हवेत होता. तेव्हा वखारीत हवा खेळती हवी, तोंडावर मुखपट्टी हवी. घरपोच माल दाराशीच ठेवू द्यावा. परंतु याही आधी, आमच्या मते, आजारी कामगारास पगारी रजा हवी. रोज बुडेल म्हणून तापातही ज्याला कामावर यावे लागते, त्याला आणि त्याच्या सोबत्यांना नुसती मुखपट्टी कितपत वाचविणार?