घरात सर्वांत शेवटी कोण झोपते?

वस्तीतल्या विहारात आरोग्य तपासणी ठेवली की रक्तदाब मोजण्याआधी आम्ही एक प्रश्न विचारतो. रात्री किती वाजता झोपलात आणि सकाळी किती वाजता उठलात? पुरुष लगेच उत्तर देतात. बायका आधी हसतात. मग एखादी म्हणते, "झोपेचं काय विचारता सिस्टर, पाणी चारला येतं."

मागच्या शिबिरात एका भगिनीचा रक्तदाब दोनदा मोजला, दोन्ही वेळा जास्त भरला. गोळी चालू होती. घरात सहा माणसे आणि खोली एक. अकरापर्यंत टीव्ही, बारापर्यंत मुलाचा अभ्यास, चारला नळ, साडेपाचला डबे. म्हणजे जेमतेम चार तास झोप, तीही तुटक. हे तिने डॉक्टरांना कधी सांगितले नव्हते. तिला ते दुखणे वाटतच नव्हते. "संसार म्हटला की असंच," ती म्हणाली.

म्हणून या वेळच्या आरोग्य पानावर झोपेबद्दल बोलायचे ठरवले.

झोपेत शरीर काय करते

मोठ्या माणसाला रात्री किमान सात तास झोप लागते. तेरा ते अठरा वयाच्या मुलांना आठ ते दहा तास, तर सहा ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ ते बारा तास. झोपेत रक्तदाब खाली येतो आणि हृदयाला उसंत मिळते. सतत कमी झोपणाऱ्याला ही उसंत मिळत नाही. त्याच्या रक्तातली साखर नीट आटोक्यात राहत नाही, भूक वाढते, चिडचिड वाढते. दिवसभर वाचलेले पक्के लक्षात बसते तेही झोपेतच. स्पर्धा परीक्षेसाठी अभ्यासिकेत रात्र काढणाऱ्या आमच्या मुलामुलींनी हे नीट ऐकावे. चार तास झोपून वाचलेले बरेचसे वाया जाते.

यावर मुले आम्हाला सांगतात, "बाबासाहेब अठरा अठरा तास अभ्यास करायचे." खरे आहे. पण परळच्या चाळीतली गोष्ट पूर्ण आठवा. एकच खोली, त्यात सगळा संसार. दोघांना आडवे व्हायला जागा नाही. लहानगा भीम लवकर झोपायचा. रामजी सुभेदार रात्री दोनपर्यंत जागे राहायचे, मग त्याला अभ्यासाला उठवायचे आणि स्वतः त्या जागेवर पडायचे. मुलाला आधी झोप मिळावी म्हणून बाप जागत होता. पुढे बाबासाहेबांनी शरीराची पर्वा न करता काम केले आणि मधुमेहाने, सांधेदुखीने त्यांचे शेवटचे दिवस किती कठीण झाले, तेही आपण जाणतो. तो त्याग त्यांनी आपल्यासाठी केला. आपणही तसेच शरीर झिजवावे, असा त्याचा अर्थ नाही.

मजूर मंत्री असताना बाबासाहेबांनी १९४६ मध्ये कारखाने कायद्यात दुरुस्ती आणली आणि कामगारांच्या कामाचा आठवडा ४८ तासांवर आला. कामगारालाही विसावा लागतो, हे कायद्याने मान्य केले. आपल्या घरातल्या बाईच्या कामाचे तास मात्र अजून कोणी मोजलेले नाहीत.

तथागतांची झोप

अंगुत्तर निकायात एक प्रसंग आहे. थंडीचे दिवस होते. आळवी गावाजवळ गुरांच्या वाटेवर, पानांच्या अंथरुणावर तथागत बसले होते. हत्थक नावाच्या राजपुत्राने विचारले, भगवान, झोप सुखाची झाली का? तथागत म्हणाले, हो, जगात सुखाने झोपणाऱ्यांपैकी मी एक आहे. मऊ बिछान्यावर निजलेला माणूसही लोभ, द्वेष आणि मोह यांच्या दाहाने तळमळू शकतो, हे त्यांनी त्याला समजावले. त्याच निकायात मैत्री भावनेचे अकरा लाभ सांगितले आहेत. त्यांतले पहिले तीन झोपेचे आहेत : सुखाने झोप लागते, सुखाने जाग येते, वाईट स्वप्ने पडत नाहीत.

पण म्हणून पत्र्याखाली उकाड्यात निजणाऱ्या बाईला "मन शांत ठेव" एवढेच सांगून भागणार नाही. मनाचे काम तिचे आहे, घराची व्यवस्था सगळ्यांची आहे.

घरात काय बदलता येईल

पाण्याच्या पाळ्या लावा. आठवड्यातले तीन दिवस नळावर नवरा किंवा मोठा मुलगा जाऊ द्या. भाजी रात्रीच चिरून ठेवली तर सकाळचा अर्धा तास वाचतो. हे कामही एकटीचे नको.

टीव्ही दहाला बंद करा. ज्याला वाचायचे आहे त्याने दिवा आपल्या कोपऱ्यात ठेवावा, बाकीच्यांनी डोळ्यांवर ओढणी घ्यावी. मोबाईल उशाशी न ठेवता दाराजवळच्या फळीवर ठेवा.

दुपारी तीननंतर चहा टाळा. झोपताना मिश्री लावायची सवय अनेक मावशींना आहे. "मिश्रीशिवाय झोप येत नाही" असे त्या सांगतात. तंबाखू मेंदूला जागे ठेवते, शिवाय तोंडाच्या कर्करोगाचा धोका आहेच. दारूने डोळा लवकर लागतो, पण मध्यरात्रीनंतर झोप मोडते. पाचवे शील झोपेसाठीही पाळा.

रात्रपाळी करणारे सुरक्षारक्षक आणि परिचारिका, आणि पहाटे हजेरीला जाणारे सफाई कामगार यांची दिवसाची झोप ही खरीच झोप आहे, हे घराने मानावे. आम्ही रात्रपाळ्या केल्या आहेत. दुपारी कोणी सहज उठवले की उरलेला दिवस कसा जातो, ते आम्हाला माहीत आहे. खिडकीला जाड कापड लावा आणि निरोप नंतर सांगा.

उठवण्याचीही एक रीत असते. पांघरूण ओढून, ओरडून मुलांना उठवू नका. दार उघडा, उजेड आत येऊ द्या, हळू हाक मारा, पायावर हात ठेवा आणि पाच मिनिटे द्या. रक्तदाबाची गोळी घेणाऱ्या वडीलधाऱ्यांनी आधी कुशीवर वळावे, मग दोन मिनिटे बसावे आणि त्यानंतरच उभे राहावे. झटकन उठले की चक्कर येऊन पडण्याची भीती असते.

आणखी एक गोष्ट आपल्यालाच सांगायची आहे. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक लावायचा नाही, असा नियम आहे. जयंतीच्या मिरवणुकीतही आवाजाचे भान ठेवा. डीजेच्या भिंतीमागच्या घरात बाळंतीण असते, परीक्षेला बसलेली मुलगी असते.

डॉक्टरांकडे केव्हा जावे

महिन्यामागून महिने आठवड्यातल्या तीन-चार रात्री झोप लागत नसेल, तर जा. मोठे घोरणे, मध्येच श्वास थांबणे आणि दिवसा पेंग येणे ही लक्षणे असतील तर नक्की जा. रात्री पाय वळवळत असतील तर रक्तातले लोह तपासा. आपल्या बायकांत लोहाची कमतरता फार आहे. पहाटेच जाग येऊन जगणे नकोसे वाटत असेल तर एकट्याने सोसू नका. टेली मानसचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येते. औषधाच्या दुकानातून स्वतःहून झोपेची गोळी घेऊ नका.

पौर्णिमेची एक संध्याकाळ

वर्षावासात आपण विहारात ग्रंथवाचनाला बसतो. तोच सावकाशपणा महिन्यातून एका संध्याकाळी घरी आणून पाहा. पौर्णिमेला जेवण लवकर उरका, टीव्ही आणि मोबाईल बंद ठेवा. कोणी गोधडीला टाके घालील, कोणी भीमगीत म्हणेल, आजी गावाकडचे सांगेल, मुलगी ते वहीत उतरवील. मग दहा मिनिटे श्वासावर लक्ष ठेवा, सर्वांचे मंगल चिंता आणि दिवा मालवा.

त्याआधी एक काम करा. एका वहीत आठ दिवस घरातल्या प्रत्येकाची झोपायची आणि उठायची वेळ लिहा. शेवटी कोण झोपते आणि आधी कोण उठते, ते सर्वांनी मिळून वाचा. ज्या भगिनीची गोष्ट सुरुवातीला सांगितली, तिच्या घरी अशी वही केली. ती वाचून तिचा मुलगा आता सोमवार, बुधवार आणि शुक्रवारी नळावर जातो. त्या तीन दिवशी ती साडेपाचला उठते. डबे साडेसहाला होतात आणि कोणाचे काही अडत नाही. पुढच्या शिबिराला येताना तुमची वही सोबत आणा.