हेलसिंकी ते टोकियो : अंतर तेंच, वेळ निराळा

फिनलंडची राजधानी हेलसिंकी व जपानची राजधानी टोकियो यांच्यामधील हवाई अंतर सुमारें ७,८०० किलोमीटर आहे. हें अंतर पृथ्वीच्या आकारानें ठरलेलें असल्यामुळें तें वाढत नाहीं कीं घटत नाहीं. परंतु हीं दोन शहरें परस्परांपासून किती तासांवर आहेत, असें विचारल्यास उत्तर मात्र काळाप्रमाणें बदलत आलेलें आढळतें.

प्रथम हें अंतर कसें मोजतात तें पाहावें. भिंतीवरील नकाशावर पट्टी धरून ओढलेली रेघ ही जवळची वाट नव्हे. पृथ्वीच्या गोलावर या दोन शहरांमध्यें एक दोरा ताणून धरावा. तो उत्तरेकडे झुकून उरल पर्वत ओलांडतो आणि सायबेरियावरून जपानकडे उतरतो. हीच सर्वांत जवळची वाट होय.

अडचण अशी कीं, या दोऱ्याखालची बहुतेक भूमि रशियाची आहे. आणि १९४४ सालच्या शिकागो येथील करारान्वयें प्रत्येक राष्ट्र आपल्या भूमीवरील आकाशाचें धनी आहे. सोव्हिएट अमलांत हें आकाश परकी विमानांस बहुतांशीं बंद असे. म्हणून १९८३ सालीं फिनएअर कंपनीनें टोकियोची थेट सेवा सुरू केली ती उत्तर ध्रुवावरून. जादा इंधनाची सोय केलेलें डी.सी.-१० विमान बेरिंगच्या सामुद्रधुनीवरून वळसा घेऊन सुमारें १३ तासांत पोहोंचे. पुढें सायबेरियाचें आकाश खुलें झाल्यावर तोच प्रवास साडेनऊ तासांवर आला.

फेब्रुवारी २०२२ मध्यें रशियानें युक्रेनवर स्वारी केली. युरोपीय राष्ट्रांनीं रशियन विमानांस आपलें आकाश बंद केलें, आणि रशियानेंहि उलट तोच उपाय योजला. मार्चमध्यें फिनएअरचीं विमानें पुन्हां टोकियोस जाऊं लागलीं, तीं वाऱ्याचा कल पाहून कधीं ध्रुवावरून, तर कधीं दक्षिणेकडील मध्य आशियाच्या वाटेनें. कोणत्याहि वाटेनें गेलें तरी वेळ पुन्हां सुमारें १३ तास !

घड्याळ मात्र प्रवाशास येथें चकवितें. हिवाळ्यांत टोकियोचें घड्याळ हेलसिंकीच्या ७ तास पुढें असतें. सायंकाळीं ५ वाजतां निघालेला मनुष्य १३ तासांनीं उतरतो, तेव्हां तेथें दुसऱ्या दिवशींची दुपारची १ वाजलेली असते. नुसत्या घड्याळावर विसंबल्यास प्रवास २० तासांचा वाटावा.

आशियास जवळ असणें हेंच हेलसिंकीच्या विमानतळाचें मोठें भांडवल होतें. युरोपांतील दूरदूरचे प्रवासी येथें येऊन पूर्वेकडचें विमान धरीत. विमानांचीं यंत्रें चाळीस वर्षांत पुष्कळ सुधारलीं, तीं पूर्वीपेक्षां कमी इंधनांत अधिक पल्ला गांठतात. तरी वेळापत्रक १९८३ च्या आंकड्यावर परत आलें. त्यांतील वाढलेले साडेतीन तास हे युद्धाच्या हिशेबीं मांडावयाचे आहेत. त्यांची किंमत इंधनांत व भाड्यांत मोजली जाते, आणि ज्या छोट्या राष्ट्रानें आपल्या भूगोलावर व्यापार उभारला, त्याला ती सर्वांआधीं द्यावी लागते.