खिजगणतीत नसलेल्यांचा कथाकार

एक करडू होते. नुकतेच दहापर्यंत मोजायला शिकले होते. वाटेत वासरू भेटले तेव्हा करडाने मोजले : मी एक आणि तू दोन. वासरू बिथरले. ‘याने मला मोजले!’ म्हणून त्याने एकच हंबरडा फोडला. मग गाय, बैल, घोडा असे एकेक जण मोजले गेले आणि रागारागाने करडामागे धावत सुटले. धावता धावता सारी वरात एका होडीत जाऊन पडली. होडी पाण्यात गेल्यावर कळले, की ती दहाच जणांचा भार पेलते. आता आपण किती जण आहोत, हे सांगणार कोण? ते सांगू शकणारे एकटे करडूच होते. त्याने पुन्हा मोजले. बरोब्बर दहा!

नॉर्वेतल्या मुलांच्या कित्येक पिढ्या ही गोष्ट ऐकत मोठ्या झाल्या. ती लिहिणारे आल्फ प्रॉयसन मात्र अशा घरातून आले होते, जे गावाच्या खिजगणतीतही नव्हते.

२३ जुलै १९१४ रोजी आग्नेय नॉर्वेतील रिंगसाकर या भागात त्यांचा जन्म झाला. म्योसा हे देशातील सर्वांत मोठे सरोवर इथेच आहे. आजूबाजूची जमीन सुपीक, शेतकरी मोठे आणि वाडे ऐसपैस. या वाड्यांच्या कडेला, मालकाच्याच जमिनीवर, कूळमजुरांची खोपटी असत. राहायला छप्पर आणि कसायला इवलासा तुकडा मिळे. त्याच्या बदल्यात मालकाच्या शेतावर राबायचे. अशाच एका खोपटात आल्फ जन्मले. त्या जागेचे नाव ‘प्रॉयसन’. मुलाचे नाव आल्फ उलाफसेन. पुढे लेखक झाल्यावर त्यांनी आडनाव म्हणून त्या खोपटाचेच नाव लावले. ज्या पत्त्यावरून माणसाची पायरी ओळखली जायची, तोच पत्ता त्यांनी पुस्तकांच्या मुखपृष्ठावर छापला.

तरुणपणी त्यांनी शेतमजुरी केली. गोठा, चारा आणि पहाटेची धार हे सारे त्यांनी अंगमेहनतीने अनुभवले होते. लिहायचा नाद होताच. दुसरे महायुद्ध संपले त्या १९४५ साली त्यांचा पहिला कथासंग्रह निघाला आणि १९५० मध्ये त्यांची एकमेव कादंबरी आली. तिच्या नावाचा अर्थ साधारण ‘छतदिव्यातला कस्तूर’ असा होतो. एका कूळमजुराची मुलगी शहरात काही काळ राहून गावी परतते. अंगावर शहरी थाट आहे, पण गाव तिला विसरू देत नाही, की ती कोणत्या खोपटातली आहे. गावातले हे अदृश्य उंबरठे प्रॉयसन यांनी न ओरडता, मिश्कीलपणे दाखवले. कादंबरी तुफान खपली, रंगभूमीवर आली आणि १९५५ मध्ये तिच्यावर चित्रपटही निघाला. आपल्याच आळीतली गोष्ट कोणीतरी अखेर मोठ्याने सांगितली, असे हजारो वाचकांना वाटले असणार.

पण प्रॉयसन घराघरांत पोहोचले ते रेडिओमुळे. त्या काळी देशात एकच सरकारी रेडिओ होता आणि मुलांचा कार्यक्रम लागला की घरोघरची पोरे कान टवकारून बसत. गिटार घेऊन गाणारा, मऊ आवाजात गोष्ट सांगणारा हा माणूस बोलायचा ते आपल्या मुलखाच्या बोलीत. शाळेत पुस्तकी भाषा शिकवली जायची आणि गावची बोली घरात ठेवायची गोष्ट मानली जायची. त्यांनी ती बोली गाण्यांमधून साऱ्या देशाच्या ओठांवर आणली. जिची लाज वाटायची, तीच भाषा अंगाईची झाली. नाताळच्या संध्याकाळी पिल्लांना सापळ्यापासून जपायला शिकवणाऱ्या उंदीरआईचे गाणे तिथे आजही गायले जाते.

आणि मग आली ती म्हातारी! भोपळ्यात बसून लेकीकडून परतणारी म्हातारी आपल्या ओळखीची आहे. प्रॉयसन यांची म्हातारी तितकीच धोरणी. ही साधी गृहिणी कधीही, कसलीही पूर्वसूचना न मिळता चमच्याएवढी होते आणि तशीच अचानक पुन्हा मोठी होते. पहिल्या गोष्टीत सकाळी उठते तो एवढीशी झालेली. घरात धुणे-भांडी, स्वयंपाक सगळा पडलेला. पण ती रडत बसत नाही. उंदीर, मांजर आणि कुत्रा यांना कामाला लावते. कुणाला धाक, कुणाला चिथावणी! पाऊस कपडे धुतो, वारा ते दोरीवर नेऊन टाकतो, ऊन ते वाळवते.

तिचे पहिले पुस्तक १९५६ मध्ये स्वीडनमध्ये, स्वीडिश भाषेत आले. नॉर्वेत ते पुढच्या वर्षी निघाले. १९५९ मध्ये इंग्रजीत जाताना चमच्याची मिरपूडदाणी झाली आणि म्हातारी ‘मिसेस पेपरपॉट’ या नावाने प्रसिद्ध झाली. १९६७ मध्ये ती स्वीडिश दूरचित्रवाणीच्या नाताळ मालिकेत आली, तर १९८३ मध्ये जपानने तिच्यावर कार्टून मालिका काढली.

एका कूळमजुराच्या मुलाने रचलेली ही म्हातारी इतक्या देशांत का आवडली असावी? प्रत्येक लहान मुलाला ठाऊक असते, की टेबल उंच आहे, दार जड आहे आणि मोठी माणसे वरून बोलतात. प्रॉयसन यांना मोठेपणीही ते ठाऊक होते. त्यांची म्हातारी लहान झाली तरी हलकी होत नाही. कादंबरीतल्या मुलीला मोठे दिसण्यासाठी सोंग घ्यावे लागते. या म्हातारीला त्याची गरजच पडत नाही. लहान असणे आणि क्षुद्र असणे यातला फरक प्रॉयसन मोठ्यांना कादंबरीतून सांगत होते आणि मुलांना गोष्टींतून.

त्यांचे एक गाणे नॉर्वेत फार लाडके आहे. एका मुलाला काहीतरी भव्य चित्र काढायचे असते आणि मास्तर नाही म्हणतात. रडणाऱ्या त्या मुलाला गाणे उद्याच्या कोऱ्या दिवसाचा दिलासा देते. दुसऱ्या संधीवरचा हा विश्वास ज्याच्या वाट्याला पहिली संधीच उशिरा आली, त्या माणसाचा आहे.

२३ नोव्हेंबर १९७० रोजी ऑस्लो येथे प्रॉयसन यांचे निधन झाले. वय अवघे ५६. राजधानीतल्या ज्या दफनभूमीत इब्सेन आणि ब्योर्नसन यांच्यासारखे दिग्गज विसावले आहेत, तिथेच त्यांनाही जागा मिळाली. त्यांच्या गावाकडे १९९७ मध्ये ‘प्रॉयसन भवन’ उभे राहिले. ते जुने खोपटही जपून ठेवले आहे.

गोष्टीतली जनावरे चिडली होती, ती आपल्याला मोजले म्हणून. होडी डगमगू लागल्यावर त्यांना उमगले, की ज्याला प्रत्येकाची गणना करता येते, तोच सर्वांना पैलतीरी नेतो. प्रॉयसन यांनी आयुष्यभर हेच केले : मजूर, मोलकरीण, म्हातारी, उंदीर, करडू. एकालाही त्यांनी मोजायचे सोडले नाही.