नळीतला बोकड

माजावर आलेली शेळी गप्प बसत नाही. ओरडते, शेपूट हलवते, चाऱ्याला तोंड लावत नाही. माण तालुक्यातल्या वस्त्यांवर अशा वेळी बोकडाची शोधाशोध व्हायची. मिळेल तो बोकड लावायचा, मग तो त्याच कळपातला भाऊ का असेना. करडं लहान निघाली की दोष दुष्काळाला.

म्हसवडच्या माणदेशी फाउंडेशनने गावातल्याच बायकांना शेळ्यांच्या कृत्रिम रेतनाचं शिक्षण दिलं. त्यांच्याकडच्या कंटेनरमध्ये लिक्विड नायट्रोजन असतं, उणे 196 अंशांचं. त्यात बुडालेल्या पाव मिलिलिटरच्या नळीत एक निवडक बोकड झोपलेला असतो. बोकडाचं रेत गोठवण्याचं मोठं काम याच जिल्ह्यात, बनबिहारी निंबकरांनी 1968 साली फलटणला सुरू केलेल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत झालं. उस्मानाबादी, बोअर, सानेन अशा जातींची निवड करता येते. बोअरचं वजन डोळ्यात भरतं खरं, पण माणच्या उन्हात मी उस्मानाबादीवरच पैसे लावीन.

नळी चिमट्याने काढायची, 37 अंशांच्या पाण्यात अर्धा मिनिट धरायची आणि कोरडी पुसायची. पाण्याचा थेंब आत गेला तरी शुक्राणू मरतात. मग टोक कापून ती रेतनाच्या गनमध्ये बसवायची. शेळीचे मागचे पाय कुणीतरी उचलून धरायचे. गर्भाशयाचं तोंड वळणावळणाचं. गन आत शिरेलच असं नाही. इथे घाई केली की सगळं वाया.

रेत गोठवण्याच्या तंत्राचं मूळ मात्र बोकडात नाही, कोंबड्यात आहे. लंडनच्या मिल हिलमध्ये पोल्ज, स्मिथ आणि पार्क्स हे शास्त्रज्ञ कोंबड्याचं रेत साखरेच्या द्रावणात गोठवू पाहत होते. जमत नव्हतं. एका बाटलीने अचानक साथ दिली. तपासल्यावर कळलं, लेबलाची गफलत झालेली, आत ग्लिसरीन होतं. 1949 साली ही गोष्ट जगाला कळली आणि पुढे वळू, बोकड सगळे नळीत बसले. कोंबडा तेवढा मागे राहिला. ग्लिसरीन कोंबडीच्या अंगात गेलं की अंडं फळत नाही. आधी धुऊन काढावं लागतं. शिवाय कोंबड्याचे लांब, दोऱ्यासारखे शुक्राणू गोठताना फार मोडतात. म्हणून पोल्ट्रीत आजही पाठ चोळून ताजं रेत काढतात आणि लगेच माद्यांना देतात. फार तर पातळ करून थंडाव्यात दिवसभर टिकवतात.

आठवड्यातून एकदा दिलं तरी पुरतं, कारण साठवण कोंबडीच्याच पोटात आहे. अंडनलिकेतल्या बारीक नळ्यांमध्ये शुक्राणू दोन-दोन आठवडे जिवंत राहतात, तेही 41 अंशांच्या अंगात! आपण त्यासाठी उणे 196 गाठतो.

शेळीला कोंबडीची आणखी एक मदत होते. रेत पातळ करायच्या द्रावणात अंड्याचा पिवळा बलक घालतात. थंडीत तो शुक्राणूंना सांभाळतो. पण बोकडाच्या रेतातलं एक विकर त्याच बलकातून शुक्राणूंना मारणारं द्रव्य तयार करतं. त्यामुळे रेत आधी फिरवून धुवायचं, नाहीतर बलक बेताने घालायचा.

वस्तीवर या रसायनाशी कुणाला देणंघेणं नसतं. तिथली काळजी कंटेनरची. नायट्रोजन रोज थोडं उडत असतं. भरायचं राहिलं, तर आतले सगळे बोकड एकदम संपले. आणि शेळी गाभण राहिली का, हे एकविसाव्या दिवसाच्या सुमारास कळू लागतं. त्या दिवशी ती गप्प राहिली, तर पाच महिन्यांनी करडं. ओरडली, तर रेतन करणाऱ्या डॉक्टरबाईंना पुन्हा फोन.