देसाईगंज ठाण्यातून संसदेत

२६ मार्च १९७२. देसाईगंज (वडसा) तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात होते, आज गडचिरोलीत आहे. भावाच्या तक्रारीवरून ठाण्यात आणलेल्या आदिवासी मुलीने पोलिसांवर बलात्काराचा आरोप केला. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दोघा पोलिसांना दोषी ठरवले. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये त्यांना सोडून दिले. अंगावर जखमा नाहीत, म्हणे संमती होती!

१९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर या कायद्याच्या अभ्यासकांनी या निकालाविरुद्ध सरन्यायाधीशांनाच खुले पत्र लिहिले. असे धाडस या पेशात दुर्मीळ. १९८० मध्ये स्त्रिया रस्त्यावर उतरल्या. संसदेने १९८३ मध्ये केलेल्या कायदादुरुस्तीनंतर कोठडीतील बलात्काराच्या खटल्यात संबंध सिद्ध झाल्यावर बाईने ‘संमती नव्हती’ म्हटले, तर न्यायालय तसेच गृहीत धरू लागले. देसाईगंजच्या त्या मुलीच्या खटल्याचा निकाल मात्र बदलला नाही.